मंगळवारची राखण

देवाशपथ सांगतो, ही गोष्ट पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत खरी आहे. मी स्वतः तिथे होतो. आता तिथे म्हणजे अगदी तिथे नव्हतो. मी खालच्या मजल्यावर जेवून आडवा झालो होतो. पण जे घडलं त्यातलं अर्धं माझ्या डोक्यावरच घडलं, आणि उरलेलं अर्धं गोडदेवला घडलं, जिथे मी गेल्या सहा वर्षांत पाऊल टाकलेलं नाही. तरीही खरी आहे. माझ्या गॅलरीतल्या एकुलत्या एक जास्वंदीची शपथ. ती मेली आहे, पण शपथेला चालते.

आणखी एक सांगून ठेवतो. ही रात्रीची गोष्ट नाही. दुपारी दोन ते चारची आहे. बाहेर लख्ख ऊन, शेजारच्या घरात कुकरच्या शिट्ट्या, कुणीतरी भिंतीत ड्रिल मारतंय, अशा वेळची. रात्रीची भीती सकाळी उतरते. दुपारची कधी उतरणार?

आमच्या वरच्या मजल्यावर रसिका राहते. भाईंदरच्या जेसल पार्कात येऊन तिला वीस वर्षं झाली. घरून एका विमा कंपनीचं काम करते आणि उरलेल्या वेळात राखणदारी करते. राखणदारी म्हणजे काय, तर 'जास्वंद मंडळी' नावाचा एक ऑनलाइन कट्टा आहे. बाराशे सभासद, सगळे कुंडीत जास्वंद लावणारे. तुम्हाला वाटेल, फुलं लावणारी माणसं, किती गोड असतील! अहो, पिठ्या ढेकणावर, म्हणजे त्या पांढऱ्या किडीवर, तंबाखूचं पाणी मारायचं की साबणाचं, यावरून तिथे लोकांनी एकमेकांचे बाप काढलेले आहेत. एकाची फांदी दुसऱ्याने विचारल्याशिवाय तोडली, म्हणून दोन सख्ख्या भावांची बोलचाल बंद आहे.

हा कट्टा सुरू केला गोडदेवच्या नाथाकाकांनी. आयुष्यभर एका डॉक्टरांकडे कंपाउंडर होते. बोलणं औषधाच्या थेंबासारखं, मोजून. कट्टा सांभाळणाऱ्यांना 'राखणदार' हे नाव त्यांनीच दिलं, आणि एक रीतही घालून दिली. कुणी वेडंवाकडं लिहिलं, तर मजकूर आपोआप एका बंद जागी जाऊन थांबायचा. त्या जागेचं नाव छाटणी खोली. ज्याची राखण असेल त्याने तो उघडायचा, शिवी तेवढी काढायची, मुद्दा ठेवायचा आणि खाली लिहायचं, 'छाटणी – नाथा'. किंवा रसिका, किंवा निकेत. हे तिघेच राखणदार.

"डोळ्याच्या वर कापायचं," काका सांगायचे. फांदीवर जिथून नवा कोंब फुटतो, तो डोळा. "वर कापलं की फुटवा येतो. खाली कापलं की नुसती काठी उरते. माणसाचंही तसंच. राग काढायचा, माणूस ठेवायचा."

आणि कुणी फारच तापलं तर त्यांचं एक ठरलेलं वाक्य असे. "हळू बोला. झाडं ऐकतात."

दिवाळीनंतर काका गेले. साध्या तापाचं निमित्त झालं. कट्ट्यावर तीन दिवस नुसती फुलांची चित्रं. आणि मग रसिकाने ती चूक केली, जी फक्त भल्या माणसाच्या हातून होते. राखणीचा महिन्याचा तक्ता ती बनवायची. मागच्या महिन्याचा उचलायचा, तारखा बदलायच्या, झालं. त्यात मंगळवार दोन ते चार, नाथा, असं होतं. तिचा हात त्या नावावर गेला आणि थांबला. नाव पुसायचं म्हणजे दुसऱ्यांदा पोचवून आल्यासारखं. तिने ते राहू दिलं. वर सगळ्यांना कळवलंसुद्धा, की मंगळवारची राखण काकांचीच.

बाराशे लोकांनी हात जोडले.

पुढे दोन-तीन महिने काही नाही. आणि मार्चमध्ये एका बुधवारी तिला तो मजकूर दिसला. लिहिणारे पंढरीनाथ, मीरा रोडचे. हा माणूस म्हणजे कट्ट्यावरची कायमची आग. साध्या 'शुभ सकाळ'वरसुद्धा "कुणाची?" म्हणून विचारणारा. त्यांच्या नावाने लिहिलं होतं,

'आपलं म्हणणं योग्य आहे.'

एवढंच. आणि खाली, 'छाटणी – नाथा'.

रसिकाने आधी चष्मा पुसला. मग निकेतला फोन लावला. निकेत म्हणजे कट्ट्याची यंत्रं सांभाळणारा, कॉम्प्युटरवाला.

"निकेत, काकांच्या नावाने कोण शिरतंय?"

"मीच विचारणार होतो, ताई."

"म्हणजे?"

"म्हणजे... तीन मंगळवार झाले. मला वाटलं, तुम्हीच करताय. आठवण म्हणून."

"मी कशाला करू? पासवर्ड तुझ्याकडे असतो."

"तो मी तेराव्याच्या दिवशी बदलला."

"मग तूच आहेस."

"ताई, मी मंगळवारी दोन ते चार ऑफिसच्या मीटिंगमध्ये असतो. तुम्ही घरी असता."

संशयाला एक वास असतो, फ्रीजमध्ये काहीतरी विसरल्यासारखा. रसिकाच्या मनात आलं, पोरगा चलाख आहे, कट्टा हाताखाली घ्यायचा असेल. निकेतच्या मनात काय आलं ते त्याने सांगितलं नाही, पण त्या दिवसापासून तो 'ताई'च्या पुढे 'जी' लावायला लागला. माणूस संशय घ्यायला लागला की आधी अदब वाढते.

पुढच्या मंगळवारी निकेतने सुट्टी काढली. दोघं व्हिडिओ कॉलवर बसले. चारही हात टेबलावर, एकमेकांना दिसतील असे. परीक्षेला बसल्यासारखे. तीन वाजून गेले तसं ठाण्याच्या एका बाईचा तिखट मजकूर छाटणी खोलीत आला. वर अक्षरं उमटली, 'नाथा वाचत आहेत...'

"ताईजी, हात..."

"वरच आहेत! तुझे?"

"वर."

मजकुराच्या ओळी एकेक करून गेल्या. खालून वर, पानं ओरबाडावीत तशा. शेवटी एक ओळ उरली. 'आपलं म्हणणं योग्य आहे.'

"हे डोळ्याच्या खाली कापलंय," रसिका हळूच म्हणाली. आपण हळूच म्हणालो, हे तिच्या जरा उशिरा लक्षात आलं.

त्याच आठवड्यात तिला पंढरीनाथ दिसले. भाईंदर स्टेशनबाहेर शेअर रिक्षाच्या रांगेत ते पहिले उभे होते. मागून एक जाडसा तरुण आला आणि सरळ त्यांच्या पुढ्यातून रिक्षात बसला. "अंकल, जल्दी है," म्हणाला. रांग श्वास रोखून उभी राहिली. या माणसाने एकदा रांग मोडणाऱ्याची छत्री हिसकावून घेतली होती, हे रांगेतल्या अर्ध्या लोकांना माहीत होतं.

पंढरीनाथ हसले. धुऊन पालथ्या घातलेल्या ताटासारखा चेहरा.

"आपलं म्हणणं योग्य आहे," म्हणाले.

दुसरी रिक्षा आली. मागचा माणूस बसला. तिसरी आली. पंढरीनाथ तिथेच, सगळ्यांना वाट देत. रसिकाने हाक मारली, तर त्यांनी मान वळवली आणि तिलाही वाट दिली.

घरी येऊन तिने तक्ता उघडला आणि मंगळवारचं नाव पुसलं. सकाळी बघते तर नाव जागेवर.

"ताईजी, तुम्ही परत का घातलंत?" निकेतचा निरोप.

"तू घातलंस," तिने उलट लिहिलं.

आता रसिकाची भीती कशाची, ते सांगतो. कट्ट्याचं काय व्हायचं ते होवो. तिच्या घरात आनंदीबाई होती.

आनंदीबाई म्हणजे रसिकाची आई. वय बहात्तर. मूळची गिरगावची, तोंड म्हणजे चालता ध्वनिक्षेपक. ती सकाळी गॅलरीत आली की आमच्या गल्लीतल्या रिक्षा आपोआप नीट लागायच्या. उत्तनची कोळीण खाली टोपली उतरवायची, आणि तिसऱ्या मजल्यावरून ही विचारायची, "ते बोंबील कधी वारले गं?" कोळीण खालून तसंच झणझणीत उत्तर द्यायची, आणि पंधरा मिनिटं आम्हाला फुकट तमाशा. नवरा गेला तेव्हा डॉक्टरांनी रसिकाला बाजूला घेऊन सांगितलं होतं, आईला धक्का बसलाय, सांभाळा. आनंदीबाई आठ दिवस बोलली नव्हती. नवव्या दिवशी तिने दूधवाल्याला "मेल्या, दूध आहे की आंघोळीचं पाणी?" विचारलं, आणि रसिका स्वयंपाकघरात जाऊन रडली. आनंदाने. आईचं भांडण म्हणजे आईची नाडी, हे तिला त्या दिवशी कळलं.

आणि ही आनंदीबाई 'जास्वंद मंडळी'ची सभासद होती. तिचे निम्मे मजकूर छाटणी खोलीतूनच बाहेर पडायचे.

"आई, मंगळवारी काही लिहू नकोस," रसिका म्हणाली.

"का? उपास आहे?"

"सांगते ना. दोन ते चार तर मुळीच नाही."

"कारण सांग."

रसिकाने सांगितलं. सांगायला नको होतं. म्हातारीने चष्मा कपाळावर चढवला.

"तो नाथा? तो जिवंत असताना मला टरकून होता. आता मेल्यावर शहाणपणा सुचला होय त्याला!"

"आई, प्लीज."

"बरं बरं. नाही लिहीत."

आनंदीबाई एवढ्या लवकर 'बरं' म्हणाली, तिथेच रसिकाला संशय यायला हवा होता. पण तिचा सगळा संशय तेव्हा दुसरीकडे लागला होता. तिला वाटत होतं, काकांचा मोबाइल कुणाच्या तरी हातात आहे. कट्टा त्यात उघडाच राहिला असणार. मंगळवारी दुपारी जेवणं आटोपल्यावर ती गोडदेवला गेली, चोर मुद्देमालासकट पकडायला.

गोडदेवात उंच इमारतींच्या खाचेत अजून काही बैठी घरं आहेत, दाढीत राहून गेलेल्या केसांसारखी. काकांचं घर त्यातलंच. दाराशी दहा-बारा जास्वंदीच्या कुंड्या. एकाही कुंडीत पान नाही. नुसत्या काठ्या उभ्या, सगळ्या एकाच उंचीच्या, आणि प्रत्येक काप डोळ्याच्या खाली. कापांवर चिकट ओल होती. ताजी.

काकांची बायको, सरूबाई, उंबऱ्यात बसून तांदूळ निवडत होती.

"काकू, झाडं कुणी छाटली?"

सरूबाईने मान वर केली. तिचे ओठ हलले, पण आवाज येईपर्यंत रसिकाला वाकावं लागलं.

"मंगलवारी छाटलेलीच मिलतान."

"कोण छाटतं पण?"

"मी न्हाय बघत गं. मी आत बसते."

"काकांचा मोबाइल कुठाय?"

सरूबाईने ट्रंकेकडे बोट केलं. रसिकाने झाकण उघडलं. डांबरगोळ्यांचा वास, आणि त्याखाली ओल्या पाल्याचा वास. कपड्यांच्या तळाशी टॉवेलात गुंडाळलेला मोबाइल. तिने बटण दाबून धरलं. काही नाही. बॅटरी कधीच मेलेली. ट्रंकेच्या वर भिंतीला खिळा होता, त्यावर छाटणीची कात्री अडकवायची रिकामी नाडी.

"काकू... कात्री?"

"असल बाहेर." सरूबाई तांदळातले खडे काढत राहिली. मग खाली बघूनच बोलायला लागली. "तुला म्हाईत नसल. मी लई वरडायची गं. लग्नाआधी मिठागरावरना भावाला हाक मारली, त पल्याड गावात आयकू जायची. यांनी कधी हात न्हाय उचलला. कधी आवाज न्हाय चढवला. नुसतं म्हनायचे, हलू बोल... एकेक शब्द काढत गेले. मानूस चांगला. समदे म्हनतान, चांगला."

तिने एक खडा बाजूला टाकला.

"हायच चांगला," ती म्हणाली, दाराकडे बघत.

आणि रसिकाच्या पर्समधला मोबाइल थरथरला.

'आनंदी यांचा मजकूर छाटणी खोलीत.' तीन वाजून आठ मिनिटं.

तिने तो उघडला. आईने मनापासून लिहिलं होतं. 'नाथोबा, मुडद्या, जिवंत होतास तेव्हा माझ्या वाऱ्याला उभा राहत नव्हतास, आणि आता आडून लोकांच्या जिभा छाटतोस? त्या पंढरीनाथाने माझी केशरी जास्वंद चोरली, तो चोर आहे, पण तो माझा चोर आहे! त्याला मी शिव्या द्यायच्या आणि त्याने मला. मधे तू कोण रे? ये इकडे, तुझीच कशी छाटणी करते बघ...' अशा वीसेक ओळी.

वर अक्षरं उमटली. 'नाथा वाचत आहेत...'

बाहेर कुंड्यांपाशी आवाज झाला. कट.

शेवटची ओळ गेली.

कट.

"आले," सरूबाई म्हणाली, आणि पदर तोंडावर धरला.

रसिकाने 'आहे तसं सोडा' दाबलं. पडद्यावरचं गोल फिरायला लागलं. गोडदेवच्या त्या बोळात रेंज म्हणजे नशीब. कट... कट... ती दाराबाहेर धावली. कुंड्यांपाशी कुणी नव्हतं. ऊन होतं, आणि उन्हात एका काठीचं टोक हळूहळू खाली पडत होतं. ती बोळातून पळत सुटली, मोबाइल डोक्यावर धरून. एका बाईने विचारलं, "क्या हुआ दीदी?" तिने उत्तर दिलं नाही. नाक्यावर, मेडिकलच्या दुकानासमोर, गोल थांबलं.

सुटलं.

तिने घरी फोन लावला. सात वेळा वाजला. आठव्यांदा उचलला गेला. पलीकडे नुसता श्वास.

"आई? आई, बोल ना... आई..."

आणि मग मेडिकलवाल्यालासुद्धा ऐकू गेलं. "अगं भवाने, कानात काय बोळे घातलेत? इथे माझा आख्खा मजकूर छापून आलाय, लोक टाळ्या वाजवतायत, आणि तू आई-आई काय करतेस शेळीसारखी? येताना आलं आण, आणि सुकलेलं आणलंस तर तुझ्याच डोक्यावर वाळत घालीन!"

रसिका रस्त्यात बसली आणि हसली. त्या संध्याकाळी निकेतने नाथाकाकांचं नाव मुळापासून काढलं, आणि ते परत आलं नाही. कट्ट्यावर पुन्हा पूर्वीसारखे बाप निघायला लागले.

इथे गोष्ट संपवायची असं मी ठरवलं होतं. चांगली संपते. पण सुरुवातीला शपथ घातलीय, आणि ती जास्वंद मेलेली असली तरी कुंडी अजून माझ्याच गॅलरीत आहे.

तेव्हा कबूल करतो. फोनवरची आनंदीबाईची शिवीगाळ मी घातली. ती खोटी आहे. म्हणजे शब्द तिचेच आहेत. वीस वर्षांपूर्वी मी गच्चीत तिच्या पापडांवर पाय दिला, तेव्हा तिने मला जे ऐकवलं, त्यातलं थोडं आठवून मी इथे लिहिलं. तेवढंच माझ्याकडे शिल्लक आहे. मजकूर आख्खा छापून आला, लोकांनी टाळ्या वाजवल्या, नाव परत आलं नाही, तेही माझंच. कट्ट्याच्या नोंदवहीत खरं काय आहे ते निकेतने मला दाखवलं. 'छाटणी – नाथा, ३.११.' आणि त्याखाली, 'आहे तसं सोडलं – रसिका, ३.१२.' एका मिनिटाचं अंतर. तिने सोडलं तेव्हा जी एक ओळ उरली होती, तीच सुटली. तिच्या हाताने.

फोन मात्र खरंच उचलला गेला होता. आठव्यांदा. आणि पलीकडून आनंदीबाई खरंच बोलली.

"हळू बोल गं," म्हणाली. "झाडं ऐकतात."

उत्तनची कोळीण अजून येते. टोपली उतरवते, वर बघते, थांबते. तिसऱ्या मजल्यावर आनंदीबाई उभी असते, दहा कुंड्यांतल्या दहा काठ्यांच्या मागे, हसत. कोळीण काही न बोलता वरून सोडलेल्या पिशवीत एक बोंबील जास्त टाकते. परवा तिने मला बाजूला घेतलं.

"भाऊ," ती कुजबुजली, "वरची आजी हाय ना?"

"आहे," मी म्हणालो.

बाकीच्या गोष्टीतलं खरं कुठलं आणि खोटं कुठलं, ते मी तुम्हाला सांगितलं. हे एक उत्तर कशात धरायचं, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.